मोजक्या चित्रांचे दशक : १९९० ते १९९९ मधील जपानी मालिका पुन्हा पाहताना

प्रश्न असा आहे की, १९९० च्या दशकातील जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आज पुन्हा पाहताना मनाला जी ओढ लागते ती केवळ लहानपणीच्या आठवणींमुळे लागते, की त्या मालिकांच्या घडणीतच असे काही होते जे नंतरच्या कामात सहसा सापडत नाही. मी अ‍ॅनिमेशनच्या लेआउट (चौकटीची मांडणी) आणि कंपोझिटिंग (चित्रांचे थर एकत्र जोडणे) या विभागांत अनेक वर्षे काम केले आहे आणि आता हेच विषय शिकवते, त्यामुळे ही चित्रे कशी काढली गेली, कशी रंगवली गेली आणि कॅमेऱ्याखाली कशी ठेवली गेली, या बाजूने मी उत्तर देणार आहे. माझे मत आधीच सांगते. आठवणींचा वाटा आहेच. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या दशकातील दिग्दर्शकाकडे चित्रे मोजकी होती, आणि कोणते दृश्य हलवायचे व कोणते थांबवायचे याचा निर्णय त्याला दर आठवड्याला घ्यावा लागत होता. तो निर्णय पडद्यावर स्पष्ट दिसतो, आणि इतक्या वर्षांनी आपल्याला जे धरून ठेवते ते मुख्यतः तेच आहे.

सुरुवात हिशेबापासून करावी लागेल. फिल्मवर एका सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढायचे ठरवले, तर जाहिराती वगळून उरणाऱ्या सुमारे २२ मिनिटांच्या भागाला एकतीस हजारांहून अधिक चित्रे लागतील, आणि दर आठवड्याला एक भाग या गतीने ती काढणे कोणत्याही स्टुडिओला शक्य नाही. ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने १९६३ मध्ये ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू केली, तेव्हाच जपानी टीव्हीने यावर मार्ग काढला होता : एक चित्र तीन-तीन चौकटींवर धरायचे, बोलताना फक्त ओठ हलवायचे, पार्श्वभूमी सरकवून धावण्याचा भास निर्माण करायचा, आणि एकदा उत्तम जमलेले दृश्य जपून ठेवून पुढच्या भागांतही वापरायचे. नव्वदच्या दशकातही एका भागासाठी साधारण तीन ते पाच हजार चित्रे मिळत असत, म्हणजे पूर्ण हालचालीच्या एक-दशांश ते एक-षष्ठांश.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या युक्त्या १९९० पर्यंत जवळजवळ तीस वर्षे जुन्या झाल्या होत्या, आणि त्या दशकातील महत्त्वाचे दिग्दर्शक त्याच पाहत मोठे झाले होते. हिदेआकी आन्नो यांचा जन्म १९६० चा, कुनिहिको इकुहारा यांचा १९६४ चा, शिनिचिरो वातानाबे यांचा १९६५ चा. आधीच्या पिढीला जी काटकसर नाइलाजाने करावी लागली, ती या पिढीसाठी व्याकरण झाली होती. स्थिर चित्रावर कॅमेरा हळूहळू वर सरकला की प्रेक्षकाला काय वाटते, एखादा क्षण गोठवला की त्याचे वजन किती वाढते, हे त्यांना प्रेक्षक म्हणून ठाऊक होते. अभावावर इतके प्रभुत्व असलेली पिढी आणि हाताने काम करण्याची शेवटची वर्षे एकाच वेळी आली, म्हणून ते दशक वेगळे ठरले असे मी मानते.

या मजकुराचा निम्मा भाग माध्यमाविषयीच असायला हवा, कारण आज जे तरुण ‘जुन्या मालिकांचा रंग’ असा शब्दप्रयोग करतात, त्यांना त्या रंगाचे कारण क्वचितच कोणी सांगितलेले असते. कागदावर मुख्य चित्रे काढली जात, मग मधली चित्रे भरली जात, आणि ती शुद्ध झाल्यावर यंत्राच्या साहाय्याने कार्बनने सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर, उमटवली जात. काळ्या रेषा यंत्र उमटवी, पण रंगीत रेषा, उदाहरणार्थ छायेच्या कडा किंवा डोळ्यांतील चमक, बऱ्याचदा हाताने पेनने ओढाव्या लागत. मग सेल उलटून मागच्या बाजूने रंग भरला जाई, त्यामुळे पुढून पाहताना रंग सपाट आणि घट्ट दिसे. पार्श्वभूमी मात्र कागदावर पोस्टर कलरने, कधी जलरंगाच्या धाटणीने रंगवलेली असे, आणि तिच्यात ब्रशचे फटकारे दिसत. म्हणजे एकाच चौकटीत दोन वेगळे पृष्ठभाग असत : मागे ओलसर, मऊ जग आणि पुढे कडक बाह्यरेषेची, एकसंध रंगाची माणसे. ‘सेलर मून’मधील तोक्योचे जांभळट आणि गुलाबी आकाश आठवून पाहा, त्याच्यापुढे उभी असलेली मुलगी त्या आकाशापासून किंचित सुटी दिसते, आणि हे सुटेपण आपल्याला खोली म्हणून जाणवते.

सेल पूर्णपणे पारदर्शक नसते. चार थर एकावर एक ठेवले की सर्वांत खालच्या थराचा रंग किंचित मंदावतो, म्हणून किती थर चालतील याला मर्यादा असे आणि रंग निवडतानाच हा फरक धरावा लागे. काचेखाली दाबलेल्या सेलची अगदी पुसट सावली पार्श्वभूमीवर पडत असे. धुळीचे कण राहत. टीव्ही मालिका सर्वसाधारणपणे १६ मिमी फिल्मवर चित्रित होत, आणि त्या फिल्मला स्वतःचा कण, म्हणजे बारीक दाणेदारपणा, असतो, जो स्थिर चित्रालाही क्षणभर पूर्ण निश्चल राहू देत नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण स्थिर दृश्य धरून ठेवण्याच्या ज्या कलेबद्दल मी पुढे बोलणार आहे, तिला या कणाचा मोठा आधार होता. आजच्या स्वच्छ डिजिटल चौकटीत एखादे चित्र तेवढाच वेळ न हलवता ठेवले, तर पाहणाऱ्याला प्रक्षेपण अडकल्यासारखे वाटते. फिल्मवर तेच चित्र श्वास घेत असल्यासारखे वाटते.

आणि प्रकाश. आज कंपोझिटिंग करणाऱ्या विद्यार्थ्याला एखादी वस्तू चमकवायची असेल, तर तो सॉफ्टवेअरमधील एक मूल्य वाढवतो. त्या काळी त्यासाठी काळ्या रंगाचा मास्क करून त्यात नेमक्या आकाराचे छिद्र ठेवावे लागे, खालून दिवा लावावा लागे, मध्ये रंगीत फिल्टर धरावा लागे, आणि फिल्म मागे घेऊन त्याच चौकटीवर दुसऱ्यांदा प्रकाश पाडावा लागे. तो प्रकाश रंगवलेला नव्हता, खरा होता. म्हणूनच तो फिल्मवर कडेने थोडा पसरत असे. ‘सेलर मून’मधील साध्या मुलीचे लढवय्या नायिकेत होणाऱ्या रूपांतराच्या दृश्यांतील लखलखाट आणि ‘इव्हान्गेलिऑन’मधील महाकाय यंत्रमानवाच्या डोळ्यांत अंधारात पेटणारी चमक या दोन्हींची जादू या पद्धतीत आहे. विद्यार्थ्यांना मी ही दृश्ये दाखवते, तेव्हा प्रकाशाची कड कुठे संपते ते दाखवा असे सांगते. त्यांना ती कड सापडत नाही.

‘सेलर मून’चा उल्लेख आला आहे, तर तिच्याविषयी थोडे अधिक. ७ मार्च १९९२ रोजी सुरू झालेली ही मालिका पाच पर्वे आणि २०० भाग चालली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये संपली. जुनिची सातो यांनी तिची सुरुवात केली आणि नंतर कुनिहिको इकुहारा यांनी तिला स्वतःचे वळण दिले. जवळजवळ प्रत्येक भागात तेच रूपांतर, तेच शब्द आणि तोच अंतिम प्रहार येतो. कामाच्या दृष्टीने ही बचत आहे, कारण एकदा भरपूर चित्रे खर्चून केलेले दृश्य दर आठवड्याला वापरता येते आणि उरलेली चित्रे इतर दृश्यांना मिळतात. परंतु पुनरावृत्ती झाल्यामुळे त्या दृश्याला विधीचे स्वरूप आले. लहान मुलांना तेच गाणे आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, आणि मालिकेने ती गरज मनापासून ओळखली होती. इकुहारा यांनी १९९७ मधील ३९ भागांच्या ‘उतेना’ या मालिकेत हीच पद्धत पुढे नेली. तेथे जिना चढण्याचे दृश्य पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी आपल्याला कथेतील पात्रांविषयी काहीतरी नवे कळलेले असल्यामुळे तोच जिना वेगळा वाटतो. बचतीसाठी शोधलेल्या युक्तीतून अर्थ निर्माण करण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता थांबण्याविषयी. गायनॅक्स स्टुडिओची ‘इव्हान्गेलिऑन’ ही २६ भागांची मालिका ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात तोक्योच्या टीव्ही तोक्यो वाहिनीवर संध्याकाळी साडेसहाला दाखवली गेली. १९९५ च्याच जानेवारीत कोबे परिसरात भीषण भूकंप झाला होता आणि मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला होता. त्याआधीच फुगलेल्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटून काही वर्षे उलटली होती. अशा काळात आलेल्या या मालिकेने शिंजी या चौदा वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला नायक केले. तिच्या २२ व्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत, आणि पाऊण मिनिटाहून अधिक काळ पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. २४ व्या भागात शिंजीच्या यंत्रमानवाच्या मुठीत त्याचा मित्र कावोरू आहे, बीथोव्हनची नववी सिंफनी चालू आहे, आणि सुमारे एक मिनिट आपण एकच चित्र पाहत राहतो. शिंजी काय करणार, हे आपल्याला ठाऊक असते; तो केव्हा करणार, एवढेच ठाऊक नसते. तो मिनिट चित्रे वाचवण्यासाठी होता का? त्या मालिकेचे शेवटचे भाग वेळापत्रकाच्या प्रचंड ताणाखाली तयार झाले हे सर्वज्ञात आहे, आणि अखेरच्या दोन भागांत तर रेखाटने, छायाचित्रे आणि काळ्या पडद्यावरील अक्षरेही वापरली गेली. तरीही मी विद्यार्थ्यांना विचारते की, तुमच्याकडे हवी तेवढी चित्रे असती, तर त्या मिनिटात तुम्ही काय हलवले असते? विचार केल्यावर सगळे एकाच उत्तरावर येतात की काहीही हलवले नसते. टंचाईतून सुचलेला उपाय आणि कथेला हवा असलेला उपाय जेथे एकच होतो, तेथे दिग्दर्शकाची पात्रता कळते.

त्या मालिकेतील आवाजाकडेही लक्ष द्यावे. कथेतील जपान कायमच्या उन्हाळ्यात अडकलेला आहे, म्हणून सिकाडा किड्यांचा आवाज सतत चालू असतो, आणि विजेच्या तारा, सिग्नल, रिकामे रस्ते यांच्या स्थिर चित्रांवर तो आवाज पसरलेला असतो. चित्र हलत नाही, पण वेळ पुढे जात असल्याची जाणीव कानांना होते. १९९८ मधील ‘सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ने हे आणखी दूर नेले. र्‍यूतारो नाकामुरा यांच्या या १३ भागांच्या मालिकेत रस्ते पांढऱ्याशुभ्र उन्हाने जणू पुसले गेले आहेत, सावल्यांत रंगीत डाग आहेत, आणि विजेच्या तारांचा गुणगुणाट पात्रांच्या संवादांइतकाच महत्त्वाचा आहे. इंटरनेट घराघरांत पोहोचत असतानाच एकाकी मुलीच्या नजरेतून त्याचे भय टिपणारी ही मालिका आज पाहिली, तर तिची पार्श्वभूमी जुनी वाटते, विषय मुळीच जुना वाटत नाही.

‘काउबॉय बीबॉप’ मला या सर्वांत जवळची आहे, आणि हे मी लपवणार नाही. सनराइज स्टुडिओने तयार केलेली, अवकाशात गुन्हेगार पकडून बक्षीस मिळवणाऱ्या चमूची गोष्ट सांगणारी, वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली आणि केइको नोबुमोतो यांनी लेखनाची सूत्रे सांभाळलेली ही मालिका एप्रिल १९९८ मध्ये टीव्ही तोक्योवर आली, पण तेथे तिचे २६ पैकी निम्म्याहून कमी भाग दाखवले गेले. संपूर्ण मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरपासून वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर दिसली. योको कान्नो यांचे संगीत अनेकदा दृश्यांच्या आधी तयार होत असे आणि वातानाबे त्यावरून दृश्ये सुचवून घेत, त्यामुळे त्या मालिकेतील दृश्ये संगीताच्या लयीवर कापलेली वाटतात. पाचव्या भागातील चर्चमधील प्रसंग सगळ्यांना आठवतो : रंगीत काचेच्या खिडकीतून खाली कोसळणारा नायक स्पाइक आणि त्यावर मुलांच्या स्वरांचे गाणे. मी मात्र २४ व्या भागाकडे बोट दाखवीन. चमूतील मुलगी कुत्र्यासह निघून गेली आहे, चमूतील फेही जहाजावर नाही, आणि स्पाइक व त्याचा साथीदार जेट सगळ्यांसाठी उकडलेली अंडी एकमेकांकडे न पाहता भराभर तोंडात कोंबत आहेत. या दृश्यात कोणी रडत नाही, कोणी काही स्पष्ट करून सांगत नाही. हालचाल आहे ती फक्त खाण्याची, आणि ती नेमक्या तेवढ्याच चित्रांत काढलेली आहे की घास घशात अडकत असल्याचे आपल्याला कळते. प्रौढ माणसांचे दुःख अ‍ॅनिमेशनमध्ये इतक्या साध्या कृतीतून दाखवणे फार कठीण आहे. मालिका संपली त्याच सुमारास सनराइजमधील निर्माते मासाहिको मिनामी, पात्ररचनाकार तोशिहिरो कावामोतो आणि हिरोशी ओसाका यांनी बाहेर पडून बोन्स हा स्टुडिओ स्थापन केला, यावरून त्या चमूचा एकमेकांवरील विश्वास लक्षात यावा.

याउलट, थांबण्याचा उपयोग जेथे कथेसाठी झाला नाही, तेही सांगितले पाहिजे, अन्यथा हे कौतुक एकांगी होईल. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाचा खप १९९५ च्या सुरुवातीला ६५ लाखांच्या पुढे गेला होता, आणि त्यातील चित्रकथांवर आधारित मालिका दर आठवड्याला चालू असत. मूळ चित्रकथा अजून लिहिली जात असताना मालिकेने तिला गाठू नये, म्हणून वेळ ताणावा लागे. १९८९ ते १९९६ या काळात २९१ भाग चाललेल्या ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये पाच मिनिटांत फुटणार म्हणून सांगितलेला ग्रह कित्येक भाग टिकून राहतो. मालिका बनवणाऱ्या तोएइ स्टुडिओने स्वतःच २००९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल काई’ या नावाने बराचसा भरणा काढून टाकलेली आवृत्ती आणली, त्यावरून तो ताण किती होता हे स्पष्ट होते. बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’च्या १०१ भागांत (१९९३ ते १९९६) मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावताना पात्रे मनात इतके बोलतात की सामन्याची लय हरवते, आणि मूळ कथेतील राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच मालिका थांबली. मूळ चित्रकथाकार ताकेहिको इनोउए यांनी त्या स्पर्धेतील महत्त्वाचा सामना २०२२ च्या अखेरीस स्वतःच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटात आणला, तेव्हा जपानमध्ये पन्नाशीकडे झुकलेले प्रेक्षक तो पाहायला गेले. त्या मालिकेच्या आरंभगीतात दिसणारे कामाकुराच्या समुद्राजवळचे रेल्वेफाटक आजही आशियाभरच्या प्रवाशांनी गजबजलेले असते. दोष असूनही एखादी कलाकृती मनात घर करू शकते, हे मला मान्य आहे; दोषांना गुण म्हणणे मात्र मान्य नाही.

साप्ताहिक कामाच्या या ताणातून एक चांगली गोष्टही झाली, ती म्हणजे चित्रकाराचा हात दिसत राहिला. अनेक चमू आळीपाळीने भाग करत, आणि प्रत्येक भागाच्या अ‍ॅनिमेशन पर्यवेक्षकाची शैली चेहऱ्यांत उतरत असे. ‘यु यु हाकुशो’ (१९९२ ते १९९५) लागोपाठ पाहिली, तर एका भागातील नायक युसुके टोकदार आणि पुढच्या भागातील युसुके गोलसर दिसतो; पुढे स्वतःच्या विशिष्ट शैलीसाठी नाव मिळवलेले अकियुकी शिनबो यांनी त्याच मालिकेत काही भाग दिग्दर्शित केले होते. आवाजाच्या बाबतीतही हेच. मेगुमी ओगाता यांनी ‘यु यु हाकुशो’मधील कुरामा, ‘सेलर मून’मधील सेलर युरेनस आणि शिंजी या तिन्ही पात्रांना आवाज दिला, आणि कोतोनो मित्सुइशी यांनी सेलर मून आणि ‘इव्हान्गेलिऑन’मधील मिसातो यांना. त्या दशकाची एक सलग स्मृती प्रेक्षकांच्या कानांत तयार झाली, ती अशा कलाकारांमुळे.

स्मरणरंजनाचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. जपानमध्ये त्या दशकाच्या आरंभीचे सर्वांत मोठे यश स्वतःच स्मरणरंजनावर उभे होते. जानेवारी १९९० मध्ये सुरू झालेली ‘चिबी मारुको-चान’ ही मोमोको साकुरा यांच्या चित्रकथेवरील मालिका १९७० च्या दशकातील शिमिझु शहरातील तिसरीतल्या मुलीची आहे. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरच्या भागाला तोक्योभोवतीच्या कान्तो विभागात ३९.९ टक्के प्रेक्षक लाभले, आणि अ‍ॅनिमेशन मालिकांत हा विक्रम मानला जातो. त्यात युद्धे नाहीत, रूपांतरे नाहीत. परीक्षेचे गुण, आजोबांचा लाड आणि उन्हाळी सुट्टीतील राहून गेलेला अभ्यास आहे. म्हणजे ज्या दशकाकडे आज आपण मागे वळून पाहतो, त्या दशकातील लोकही मागेच पाहत होते.

१६ डिसेंबर १९९७ च्या घटनेशिवाय या काळाचे वर्णन अपुरे राहील. ‘पोकेमॉन’च्या त्या संध्याकाळच्या भागात लाल आणि निळा रंग अतिशय वेगाने आलटून पालटून लखलखला, आणि सुमारे ६८५ प्रेक्षकांना, ज्यांत बहुसंख्य मुले होती, रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. रंगांची ही लखलख सर्वच स्टुडिओ वापरत असत, कारण ती स्वस्त आणि प्रभावी होती. त्यानंतर प्रसारणसंस्थांनी चमकणाऱ्या दृश्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, आणि खोली उजेडात ठेवून टीव्हीपासून दूर बसण्याची सूचना भागाच्या सुरुवातीला दिसू लागली. प्रकाशाशी खेळण्याच्या ज्या कौशल्याची मी वर स्तुती केली, त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि आमच्या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवली पाहिजे.

आपल्याकडे या मालिका ज्या क्रमाने आल्या, त्याने आपल्या आठवणींचे दशकच बदलले आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेली जपानी मालिका म्हणजे निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ५२ भागांची मोगलीची मालिका. ती जपानमध्ये १९८९-९० मध्ये आणि आपल्याकडे १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसली. गुलजार यांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज, यांमुळे ती इतकी आपली झाली की ती जपानी आहे हे बहुतेकांना कधी जाणवलेच नाही. ‘ड्रॅगन बॉल झी’ आणि ‘पोकेमॉन’ आपल्या मुलांनी कार्टून नेटवर्कवर पाहिले ते मुख्यतः २००० नंतर. अ‍ॅनिमॅक्स वाहिनी २००४ मध्ये आली. आणि १९९२ पासून जपानमध्ये चालू असलेला ‘शिन-चान’ हिंदीत २००६ मध्ये आला, २००८ मध्ये काही काळ बंद केला गेला आणि पुन्हा परतला. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात ज्यांना ‘नव्वदच्या मालिका’ आठवतात, त्यांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्षात २००४-०५ ची दुपार असते. माझ्या दृष्टीने यात काही बिघडत नाही. उलट, दहा वर्षे उशिरा, परक्या भाषेतील आवाजांत, मधूनमधून कापलेल्या स्वरूपात येऊनही या मालिका मुलांना धरून ठेवू शकल्या, यावरून प्रश्नातील शंकेचे निरसन व्हावे. ज्या मुलाला जपानचे नव्वदचे दशक ठाऊक नव्हते, त्याच्यापर्यंतही चित्रांची रचना पोहोचली होती.

१९९७ नंतर रंगकाम झपाट्याने संगणकावर गेले, आणि २००२-०३ पर्यंत बहुतेक मालिकांनी सेल सोडले. ‘साझाए-सान’ ही एकमेव मालिका २०१३ पर्यंत सेलवर टिकून राहिली. या बदलाविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. रंगांच्या वासात आणि रात्रपाळ्यांत काम करणाऱ्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत, आणि त्या मालिकांची मधली चित्रे कोरिया, फिलिपिन्स व चीनमधील ज्या हातांनी अल्प मोबदल्यात भरली, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. याच सुमारास आर्थिक पायाही बदलला. ‘इव्हान्गेलिऑन’च्या यशानंतर, अनेक कंपन्यांनी मिळून पैसा घालायचा आणि व्हिडिओ व संगीताच्या विक्रीतून तो वसूल करायचा, ही पद्धत रूढ झाली, मालिका संध्याकाळच्या वेळेतून मध्यरात्रीकडे सरकल्या आणि वर्षभर चालण्याऐवजी १३ किंवा २६ भागांत संपू लागल्या. यातून धाडसी विषयांना जागा मिळाली, आणि त्याच वेळी आई-वडील, आजी आणि मुले एकत्र बसून पाहतात अशा नव्या मालिका कमी होत गेल्या.

पुन्हा पाहण्याचे ठरवले असेल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. या मालिका ४:३ या प्रमाणात रचलेल्या आहेत. रुंद पडदा भरण्यासाठी वरून व खालून कापलेली आवृत्ती घेऊ नये, कारण तीत लेआउटचाच नाश होतो. फिल्मचा कण पुसून गुळगुळीत केलेल्या आवृत्त्या टाळाव्यात. त्यांत रंगीत रेषा विरघळतात आणि पार्श्वभूमीवरील ब्रशचे फटकारे नाहीसे होतात. नेटफ्लिक्सवर जून २०१९ पासून मिळणाऱ्या ‘इव्हान्गेलिऑन’मध्ये जपानबाहेर समाप्तीचे मूळ गाणे काढून त्याजागी पियानोची रचना ठेवलेली आहे, हे लक्षात असू द्यावे. क्रम विचाराल तर मी प्रथम ‘बीबॉप’ सुचवीन, कारण तिचे भाग सुटेही पाहता येतात. घरात लहान मुले असतील, तर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या उपग्रह वाहिनीवर १९९८ ते २००० या काळात दाखवलेली, मॅडहाउस स्टुडिओची ७० भागांची ‘कार्डकॅप्टर साकुरा’ घ्यावी. तीत कोणी दुष्ट नाही, प्रत्येकाचे कोणावर तरी प्रेम आहे, आणि अनेक भागांत नायिकेला नवा पोशाख देण्याचा, म्हणजे जुनी चित्रे वापरण्याचा मोह टाळण्याचा, आग्रह निर्मात्यांनी पाळला आहे. ‘इव्हान्गेलिऑन’ मोठ्यांनी पाहावी, आणि दिवसाला दोन भागांपेक्षा अधिक पाहू नये, कारण ती आठवड्याभराच्या अंतराने पचावी अशी रचलेली आहे. ज्यांना हा व्यवसाय शिकायचा आहे, त्यांनी कोणत्याही एका भागातील पाच मिनिटे आवाज बंद करून पाहावीत, आणि चित्र नेमके केव्हा बदलते व केव्हा बदलत नाही, याची कागदावर नोंद करावी.